चोरखिसा

मेनरोडच्या तिसऱ्या दुकानातही
पोराने काउंटरवर तेच मांडलं,
पट्टा, पाकीट, अत्तर, डबीतली टायपिन.
"काकू, जेन्ट्समध्ये एवढंच असतं."
बाबा रे, आमचे जेन्ट्स
टाय बांधून कुठे जाणार?

एकतीस तारखेला हे रिटायर होणार.
(नाव दिगंबर. मी फक्त उखाण्यात घेतलेलं.)
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या,
घरी आल्या त्या पगाराच्या.

पाकीट देऊन झालंय, लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा.
अजून कपाटात आहे, कंपनीने कोंबलेल्या कागदासकट.
घड्याळ दिलं, ते जावयाच्या हातात गेलं.
पिस्ता रंगाचा टी-शर्ट दिला, "छान आहे" म्हणाले,
आणि ह्यांचं "छान" म्हणजे काय
ते मला आता कळतं.

ऋजुता फोनवर म्हणते, स्मार्टवॉच घे गं, पावलं मोजतं.
ह्यांची पावलं कुठली?
जेलरोड ते गेट, गेट ते जेलरोड, सगळी सायकल.
नलूवन्सं म्हणतात, सराफ बाजारात जा, अंगठी कर.
लग्नातली अंगठी मिठाच्या बरणीमागे आहे,
गेटवर कोण दाखवत बसणार, म्हणून.

रविवार कारंजावर द्राक्षांच्या गाडीवाली म्हणाली,
एक तोंडात टाकून बघा, मग घ्या.
द्राक्ष गोड होतं.
मी मात्र तिथेच उभी,
कुणी बघत नसताना हे काय तोंडात टाकत असतील?
एकतीस वर्षांत मला ठाऊक नाही.

मी शिवणकाम करते. गल्लीतल्या बायकांची मापं वहीत आहेत.
ह्यांचं वहीत नाही, तोंडपाठ.
छाती अडतीस, बाही तेवीस,
उजवा खांदा अर्धा इंच खाली.
माप पाठ. आवडीचं पान कोरं.

टेप घेऊन जवळ गेलं की
हे दोन्ही हात आडवे पसरतात,
तळवे उघडे, नजर समोरच्या भिंतीवर.
मी हसायचे, "अहो, मी बायको आहे, गेटवरची नाही."
परवा हसू आलं नाही.
रोज संध्याकाळी कुणीतरी खिसे चाचपलेले,
वर्षाला तीनशे धरले तरी दहा हजार संध्याकाळी.

शेजारणींना धुण्याआधी खिशात काय काय सापडतं,
बडीशेप, बसचं तिकीट,
भांडायला पुरेल अशी एखादी चिठ्ठी.
मला नेहमी नुसतं कापड सापडलं.
खिसे उलटून बघायची माझी सवयच गेली.

शालिमारला उतरून राखाडी खादी घेतली, अडीच मीटर.
चार रात्री मशीन चालवली.
ह्यांना वाटलं, कुणाचं तरी लग्न आलंय.
बाहेर दोन खिसे, सगळ्यांना असतात तसे.
आत डावीकडे, शिवणीखाली,
एका ब्लाउजच्या उरलेल्या लाल तुकड्याचा
एक चोरखिसा.

एकतिसाला हार, नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले.
मी सदरा पुढे केला.
घातला, आणि सवयीने हात वर गेले.
"खाली घ्या," म्हटलं. "झालं ते."
बोटं फिरत फिरत आत गेली, थांबली.
"हे काय?"
"चोरखिसा."
"आणि हे?"
"फुटाणे. देवळाली गावातल्या भट्टीवरचे."

पंख्याखाली बसून एकेक खाल्ला,
सालं तळहातावर जमवत.
"छान" म्हणाले नाहीत.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"उजवीकडे पण एक हवा होता."

मी खडू शोधायला उठले.